यंत्राची डावी बाजू

धरणाच्या एका कालव्याला डावा आणि दुसऱ्याला उजवा म्हणतात, तेव्हा तो कोणाचा डावा हात असतो? जायकवाडीच्या डाव्या-उजव्या कालव्यांची नावे मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहेत. पण त्यांमागचा संकेत विचारला तर चारचौघे थबकतात. पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहावे, मग डाव्या हाताला येतो तो डावा काठ. गणपतीची सोंड उजवी की डावी, हे मात्र मूर्तीच्या हातावरून ठरते. समोर हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताच्या हातावरून नाही. नाटकाच्या तालमीत 'उजवीकडून प्रवेश' या दोन शब्दांनी किती घोळ घातले आहेत, ते ज्यांनी एकदा तरी एकांकिका बसवली आहे त्यांना सांगायला नको. डावे-उजवे हे शब्द आपल्या पायावर उभे राहत नाहीत. त्यांना एक देह लागतो, आणि तो देह कुठे तोंड करून उभा आहे हेही आधी ठरलेले असावे लागते.

हे सारे आम्हांला अलीकडे आठवले ते एका लॅपटॉपमुळे. साहित्याच्या चर्चेत लॅपटॉपचे काय काम, असे वाचक म्हणतील. थोडा धीर धरावा. प्रश्न शेवटी संहितेचाच आहे.

आमच्या विभागात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. विभागाच्या लॅपटॉपवर ती एनव्हीडीए नावाच्या मोफत पडदावाचकाच्या साहाय्याने आमच्यापेक्षा बरेच वेगाने काम करते. (या पडदावाचकाचे काम २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केले, तो स्वतःही दृष्टिहीन आहे.) पडद्यावर जे जे आहे ते हा वाचक वाचतो, पण पडद्याच्या चौकटीबाहेर जे यंत्र आहे त्याविषयी तो मुका आहे. प्रबंधिकेचे सादरीकरण ध्वनिचित्रमुद्रित करून द्यायचे, त्याला वीस गुण, असा अंतर्गत मूल्यमापनाचा नियम. तिच्या पहिल्या दोन्ही मुद्रणांत आवाज विहिरीतून आल्यासारखा उमटला. माइकपासून आपण कुठे बसलो आहोत हे तिला कळेना. कारण माइक कुठे आहे हेच तिला ठाऊक नव्हते. पेनड्राइव्हची खाच बोटाला सापडते, हेडफोनचे भोक सापडते. माइकचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते. ते सापडत नाही. कॅमेऱ्याचे भिंग काचेखाली सपाट असते. त्यावर बोट फिरवले तर ते सापडत तर नाहीच, वर धुरकट होते.

तिने सहाध्यायांना विचारले. सगळ्यांनी एकच उत्तर दिले: "अगं, इथेच, वरती, कॅमेऱ्याजवळ." 'इथे' हे दर्शक क्रियाविशेषण व्याकरणात शिकवताना आपण त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याला डोळे असतील हे त्यात गृहीत धरलेले असते, ते सांगायचे राहून जाते. लॅपटॉपसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच प्रकरणात यंत्राचे चित्र होते, त्याला बाण होते, बाणांना क्रमांक होते. पडदावाचक त्या पानावर आला की 'ग्राफिक' एवढा एकच शब्द उच्चारी आणि पुढे जाई.

मग तिने आम्हांला विचारले, "सर, कॉम्प्युटरला स्वतःलाच विचारता येणार नाही का, त्याचा माइक कुठे आहे ते?"

आज्ञावली लिहिण्याचा आम्हांला थोडा नाद आहे, हे विभागात सर्वांना माहीत आहे. प्रश्न ऐकायला साधा होता. आपल्या देहाचे कोणते अंग कुठे आहे, एवढेच यंत्राने सांगायचे. आपल्याला ते डोळे मिटूनही सांगता येते.

यंत्राला पत्ते ठाऊक असतात, जागा ठाऊक नसतात. आतल्या प्रत्येक उपकरणाला क्रमांक असतो: अमुक वाहिनीवरचे अमुक उपकरण, अमुक यूएसबी केंद्राचे तिसरे द्वार. हे क्रमांक सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखे आहेत. त्यावरून मालकी कळते, भोगवटा कळतो. बांधावर उभे राहिल्यावर आंब्याचे झाड कुठल्या हाताला येईल, ते कळत नाही. अंगभूत कॅमेरा पुष्कळदा आतून यूएसबीलाच जोडलेला असतो. तो कायमचा बसवलेला आहे की काढता येतो हेही आज्ञावलीला विचारता येते. पण तिसरे द्वार म्हणजे कपाळावर की कमरेला, हे त्या तिनात कुठेच नाही.

तरीही जागेची नोंद असते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली एसीपीआय नावाचा एक संकेत प्रसिद्ध केला. यंत्राच्या फर्मवेअरने, म्हणजे चिपमध्ये आधीच कोरून ठेवलेल्या मजकुराने, कार्यप्रणालीला यंत्राची माहिती कोणत्या रूपात द्यावी याचे ते नियम. २००४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात उपकरणाच्या भौतिक स्थानासाठी एक नोंद आहे. तिचे नाव पीएलडी. आधी सोळा बाइटांची, पुढे वीस बाइटांची. एवढ्याशा जागेत काय काय मावते ते पाहून आम्ही थक्क झालो. उपकरण यंत्राच्या कोणत्या पृष्ठभागावर आहे: वरचा, खालचा, डावा, उजवा, पुढचा, मागचा. त्या पृष्ठभागावर वर, मध्ये की खाली. डावीकडे, मधोमध की उजवीकडे. त्याचा आकार: गोल, लंबगोल, चौरस, आडवा आयत, उभा समलंब. त्याचा रंग. यंत्र न उघडता ते माणसाला दिसते का? ते झाकणावर आहे का? जुन्या वाड्यातल्या दागिन्यांची यादी वाचत असल्यासारखे वाटले. आणि डावे-उजवे कोणाचे, तेही या संकेतात स्वच्छ ठरवून दिले आहे: वापरणारा यंत्राच्या पुढच्या बाजूला तोंड करून बसला आहे असे धरावे. कालव्यांच्या नामकरणात जे वाहत्या पाण्याने केले, ते इथे बसलेल्या माणसाने केले.

लिनक्समध्ये २०२२ पासून ही नोंद साध्या फाइलींच्या रूपात वाचता येते. विंडोजमध्येही तिच्यासाठी वेगळी सोय आहे. म्हणजे 'शोधणारी' आज्ञावली लिहायची तर ती दहा-पंधरा ओळींत होते. ती काहीच शोधत नाही. ती वाचते.

न्यायदर्शन चार प्रमाणे मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यंत्राला आपल्या अंगाविषयी जे ज्ञान आहे ते जवळजवळ सगळे शब्दप्रमाणावर उभे आहे. कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून त्याला ते माहीत. (गुरुत्वाकर्षण जाणणारा संवेदक हा अपवाद, पण तो स्वतः कोणत्या कोनात बसवला आहे, हेही त्याला बाहेरूनच सांगावे लागते.) शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त हवा, म्हणजे जाणणारा हवा आणि जसे आहे तसे सांगू इच्छिणारा हवा. फर्मवेअर लिहिणारा यंत्राचा साचा हातात घेऊन बसलेला असतोच असे नाही. एका नमुन्यासाठी लिहिलेली कोष्टके दुसऱ्या नमुन्यात तशीच नकलली जातात. यंत्राच्या ओळखपत्रासारखी एक वेगळी नोंद असते, एसएमबायोस. तिच्यात निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, स्मृतीची पट्टी कोणत्या खोबणीत आहे, असे रकाने असतात. पुष्कळ यंत्रांवर त्या रकान्यांत 'मूळ उत्पादकाने भरावे' अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य जसेच्या तसे राहिलेले आढळते. ते कोणी भरलेले नसते. यंत्र विकले जाते, वापरले जाते, भंगारात जाते, आणि ती सूचना शेवटपर्यंत कोणाची तरी वाट पाहत राहते.

आता आमच्या लॅपटॉपने काय सांगितले ते. (त्याच्या निर्मात्याचे नाव येथे देत नाही, दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप याहून शहाणा निघेल याची खात्री नाही.) कॅमेऱ्याविषयीची साक्ष निर्दोष होती: झाकणावर, पुढचा पृष्ठभाग, वर, मधोमध. मग यूएसबीची तिन्ही द्वारे. त्यांपैकी दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला आहे, हे बोटाला कळते. आज्ञावलीने तिन्ही वेळा तेच वाचले: वरचा पृष्ठभाग, वरच्या भागात, डावीकडे.

ती हसून म्हणाली, "सर, वरच्या बाजूला तर कीबोर्ड आहे. एस्केपच्या बटणात पेनड्राइव्ह घालू का?"

तिन्ही नोंदी कच्च्या रूपात उघडून पाहिल्या, तेव्हा कारण लक्षात आले. जागेच्या रकान्यांत सर्वत्र शून्य होते. या संकेतात पृष्ठभागाच्या रकान्यातला शून्य म्हणजे 'वरचा पृष्ठभाग', उभ्या स्थानाचा शून्य म्हणजे 'वर', आडव्या स्थानाचा शून्य म्हणजे 'डावीकडे'. 'माहीत नाही' असे म्हणायची सोय त्यात आहे. पृष्ठभागाच्या जागी ६ लिहावे, मग पुढचे दोन्ही रकाने कोणी विचारातच घेत नाही. पण त्यासाठी कोणीतरी तो ६ मुद्दाम लिहायला हवा. ज्याने काहीच लिहिले नाही, त्याच्या कोऱ्या रकान्यातून एक संपूर्ण, ठाम विधान बाहेर पडते: वर, वर, डावीकडे.

आम्ही या शून्यापाशी बराच वेळ अडखळलो. संहितेतील रिकाम्या जागा, अनुक्त, मौन यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे; न लिहिलेले वाचक आपल्या कल्पनेने भरतो, असे आपण शिकवतो. इथे वाचकाच्या हाती भरायला जागाच उरत नाही. खोटी साक्ष पकडता येते, कारण ती कोणीतरी दिलेली असते. या साक्षीला साक्षीदारच नाही. विंडोजची सोय करणाऱ्यांनी हा धोका ओळखला असावा. त्यांच्या यादीत शून्य म्हणजे 'अज्ञात' असे आहे, आणि पुढची बाजू १ पासून सुरू होते. एवढासा फरक. पण ज्याला डोळ्यांनी पडताळा घेता येत नाही त्याच्या दृष्टीने 'अज्ञात' आणि 'वर डावीकडे' यांत फार मोठे अंतर आहे. अज्ञात म्हटले की माणूस हात पुढे करून स्वतः शोधू लागतो. वर डावीकडे म्हटले की तो तिथेच चाचपत बसतो.

ध्वनीच्या उपकरणांची नोंद वेगळी असते. इंटेलच्या २००४ सालच्याच एका संकेतानुसार ध्वनिचिपच्या प्रत्येक टोकाला आठ अंकाक्षरांची एक संख्या दिलेली असते. तिच्यातही जागा आहे, रंग आहे, टोक कायमचे आहे की बाहेरून जोडायचे आहे ते आहे. झाकणाच्या आतल्या बाजूसाठी आणि बाहेरच्या बाजूसाठी निरनिराळे आकडे आहेत. आमच्या लॅपटॉपवर हेडफोनच्या टोकाची संख्या होती ०४२११०२०. तिच्यातला दुसरा अंक बाजू सांगतो. तो ३ असता तर डावी, ४ आहे म्हणून उजवी. प्रत्यक्षात भोक डावीकडे आहे. ३ च्या जागी ४ पडला आणि यंत्राचा कान या गालावरून त्या गालावर गेला. पोथीत लेखनिकाच्या हातून एक काना सुटावा, तसेच. आणि माइक? त्याच्या नोंदीत लिहिले होते: आत, बाजू लागू नाही. (या संकेतात शून्य म्हणजे 'लागू नाही'. तीन संकेत, तीन शून्ये, तीन अर्थ.) माइक आत आहे हे खोटे नव्हते. तिला त्याचा काही उपयोगही नव्हता.

अशा चुका जगभर इतक्या आहेत की लिनक्सच्या ध्वनिविभागात त्यांचे एक लांबलचक शुद्धिपत्रच आहे. अमुक नमुन्याच्या यंत्राने अमुक सांगितले तर ते न मानता तमुक मानावे, अशा शेकडो नोंदी. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही लॅपटॉपांत कॅमेरे उलटे बसवलेले निघाले आणि लोकांचे चेहरे पडद्यावर खाली डोके वर पाय दिसू लागले, तेव्हाही अशीच यादी झाली. आज्ञावली चित्राकडे पाहून ते उलटे आहे असे ओळखत नव्हती. यंत्राचे नाव यादीत आहे का, एवढे पाही, आणि असल्यास चित्र फिरवी. गुरुत्व जाणणाऱ्या संवेदकांची यादी तर आजही वाढते आहे. संवेदक झाकणात आहे की तळाशी आणि त्याचे अक्ष कसे वळले आहेत, हे ज्याच्या घरी ते यंत्र आहे तो ते हातात धरून, इकडेतिकडे कलवून पाहतो आणि दोन ओळी लिहून पाठवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा विद्वानांपुढे शेकडो पोथ्या होत्या, मूळ संहिता नव्हती. या लोकांचे उलट आहे. मूळ वस्तू त्यांच्या मांडीवर आहे, भ्रष्ट आहे ती तिची पोथी. पाठचिकित्सा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या याद्या एकदा दाखवाव्यात, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते. मात्र आमच्या लॅपटॉपचे नाव त्यांतल्या एकाही यादीत नव्हते.

शब्द संपला होता. उरले प्रत्यक्ष, आणि ते मिळवायला एक वाट होती. माइकला आपली जागा ठाऊक नसली तरी स्पर्श ऐकू येतो. छिद्राजवळ बोट घासले तर कर्कश खरखर उमटते. आम्ही चाळीसेक ओळींची एक आज्ञावली लिहिली. ती माइकमधून येणारा आवाज सेकंदात वीस वेळा मोजे आणि हेडफोनमध्ये एक बारीक सूर वाजवी. मोजलेला आवाज जितका मोठा, तितका सूर चढा. हेडफोन साधा, माइक नसलेला घेतला, नाहीतर यंत्र त्याच्याच माइककडे कान देते. पंखा बंद केला, दार लोटले. ती झाकणाच्या वरच्या कडेवरून, म्हणजे सर्वांनी सांगितलेल्या 'इथेच'वरून बोट फिरवू लागली. सूर जागचा हलला नाही. कॅमेऱ्याच्या डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काही नाही. मग बिजागरीची कड, मग कळफलकाभोवतीची पट्टी. तिथे सूर थोडा चढला, पण कुठेही सारखाच. ती यंत्राच्या अंगातून जाणारी थरथर असणार.

तळहात टेकतात त्या जागेच्या पुढच्या कडेवर बोट आले आणि सूर एकदम किंचाळला. तिने हेडफोन काढून पुन्हा घातला, बोट दोनदा मागेपुढे केले. छिद्र तिथे होते. मधल्या खाचेच्या थोडे डावीकडे, खाली वळणाऱ्या काठावर. आम्ही वाकून पाहिले. चष्मा वर करून पाहिल्यावर दिसले.

सादरीकरणाच्या वेळी ती आपली टिपणे ब्रेलमध्ये, जाड कागदांवर, याच कडेला टेकवून वाचत असे. दोन्ही मुद्रणे त्या कागदांच्या गठ्ठ्याखालून झाली होती. 'इथेच, वरती' म्हणणाऱ्यांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. इतर लॅपटॉपांत तो तिथे असतो, म्हणून यातही तिथेच असणार, असे त्यांनी मानले. डोळे असून कोणी पाहिले मात्र नव्हते. तेही बहुधा नकललेलेच कोष्टक.

तिसरे मुद्रण तिने त्याच आठवड्यात केले, कागद मांडीवर घेऊन. आवाज लख्ख आला. छिद्राच्या शेजारी तिने फेव्हिकॉलचा एक थेंब वाळवून ठेवला आहे, बोटाला खूण म्हणून. आणि पडद्यावर, पडदावाचकाला पहिली सापडेल अशा जागी, मराठीत एक लहानशी फाइल केली आहे. हेडफोनचे भोक, तीन द्वारे, कॅमेरा, माइक, सगळ्यांच्या जागा तिने स्वतः टंकल्या. 'बसणाऱ्याच्या डावीकडे' असे प्रत्येक ठिकाणी पुरते लिहिले. माइकच्या ओळीत 'मधल्या खाचेपासून तीन बोटे' असे होते.

"कोणाची तीन बोटे?" आम्ही विचारले.

"माझी," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून तो शब्द ओळीत घातला.

विभागात एकूण सात लॅपटॉप आहेत. तीन झाले. चौथ्याचा माइक वर्षभर तरी बंदच असावा, हे या निमित्ताने कळले. त्याच्या नोंदीत तो अर्थात चालू आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला.